कमी दाखव

ता. ९, रविवार

दादास,

नमस्कार. पत्राची सुरुवात तशीच करायची असते म्हणून. मी बरा आहे. तूही बरा असशील, तुला काय धाड भरलीय. आईचा गुडघा कसा आहे ते वहिनीकडून कळव. हे पत्र मात्र आईला वाचून दाखवू नकोस. तिला ऐकू कमी येतं, तुला मोठ्याने वाचावं लागेल, आणि शेजाऱ्यांची फुकटात करमणूक होईल.

पत्र मी लिहीत नाही, बोलतो. फोन लिहितो, मग मला वाचून दाखवतो, आणि खाली झेरॉक्सवाल्याकडे छापून घेतो. झेरॉक्सवाला म्हणाला, "एवढं बोलायचंय तर सरळ फोन कर की." त्याला काय सांगू, सख्ख्या भावाने माझा नंबर बंद करून ठेवलाय म्हणून? फोन तसा हुशार आहे. फक्त मी 'दादा' म्हटलं की तो 'जादा' लिहितो. कुठे राहिलं असेल तर चालवून घे. अगदीच चूक नाही.

इकडचं म्हणशील तर टाइल्सचा कारखाना सोडला. लाँड्री त्याच्या आधीच सोडली होती. आता एका गोदामात आहे. बेसिन, कमोड, नळ, आरसे. खोक्यांवर नावं असतात, पण मी रंगावरून आणि कोपऱ्यातल्या चित्रावरून ओळखतो. खोलीत आम्ही चौघे. वरच्या पलंगावर वेल्डर असतो, त्याचा पाय माझ्या तोंडासमोर लोंबतो. आत्ता तो खिडकीच्या गजांना कपडे वाळत घालतोय आणि माझं बोलणं ऐकून दात काढतोय. काढू दे.

आता ज्यासाठी बसलो ते.

भिंगरीने वहिनीच्या फोनवरून मला आवाज पाठवला. तुझ्या मुलीचं बोलणं जसंच्या तसं सांगतो. "काका, मला सगळे ठोकळे पाठ झाले. बाबा नुसतं बोट दाखवतात आणि मी पटापट करते. पुस्तक नाही येत, पण ठोकळे येतात. चाचणीवाल्या बाईंना सांगायचं नाही की मी आधी बघितलेत. सांगितलं तर बाबांची नोकरी जाईल. खरंच जाईल का रे?"

ठोकळे पाठ. पाढे पाठ करतात, कविता पाठ करतात. ठोकळे पाठ करून घेणारा बाप मी पहिल्यांदाच बघतोय.

वहिनीला खोदून विचारलं. आधी म्हणाली, "तुम्ही दोघं भाऊ मला मध्ये घेऊ नका." मग सगळं सांगितलं. चाचणीत जी चित्रं बघून ठोकळे लावायचे असतात, त्यांचे फोटो तुझ्या खिडकीवर दाखल्यासाठी येणाऱ्या कुणीतरी तुला आणून दिले. तू खेळण्याच्या दुकानातून लाकडी ठोकळे आणलेस आणि वहिनीच्या नखांच्या रंगाने त्यांच्या बाजू लाल केल्यास. "अख्खी बाटली संपवली त्याने," वहिनी म्हणाली. रोज शाळेतून आल्यावर पोरीला बसवतोस. कपडे बदलायच्या आधी.

दादा, या वेळी तुला नियम पक्का माहीत आहे, नाही का? पोराला वाचता येत नाही पण डोकं ठीक आहे असं निघालं, तर परीक्षेत जास्त वेळ आणि लिहून द्यायला लेखनिक. वाचनही नाही आणि डोकंही कमी निघालं, तर सवलत नाही, शाळा वेगळी. म्हणून भिंगरीचं डोकं जास्त दाखवायचं.

आणि माझ्या वेळी?

तू विसरला असशील तर आठवण करून देतो. मी अकरा वर्षांचा होतो. बाबा गेल्यावर घर तू चालवलंस, हे मान्य, ते मी कधी नाकारलं नाही. तू दाखल्यांच्या खिडकीवर नवा कारकून लागला होतास आणि जगात काहीही मिळवायची एकच रीत तुला कळली होती. उत्पन्न कमी दाखवलं की मिळतं. जमीन कमी दाखवली की मिळतं. माणूस लंगडत खिडकीपाशी आला की लवकर मिळतं. म्हणून चाचणीच्या दिवशी त्या इमारतीच्या जिन्यात तू माझी कॉलर नीट केलीस आणि कानात म्हणालास, "हे बघ, सवलत पाहिजे ना? मग कमी दाखव. येत असलं तरी येत नाही म्हण."

मी दाखवलं. तू सांगितलंस आणि मी केलं नाही, असं तोवर कधी झालं नव्हतं.

पहिलं ठोकळ्यांचं चित्र मी बाईंचं बोलणं संपायच्या आत लावलं होतं. मग दाराच्या काचेतून तुझा खांदा दिसला, आणि मी एक ठोकळा उचलून उलटा फिरवला. बाई म्हणाल्या, "छान." पुढचंही चुकवलं. पुन्हा "छान." संत्रं आणि केळं यांच्यात सारखं काय, तर माहीत नाही. वर्षाचे महिने किती, तर माहीत नाही. बाईंना सर्दी झाली होती. नाक पुसत त्या लिहीत होत्या आणि मला वाटत होतं, दादा किती खूश होईल.

त्या चाचणीत माझ्या डोक्याचा जो आकडा निघाला, त्याचं मला आता काही नाही. तो जुना झाला. पण भिंगरीला ठोकळे पाठ करवून आत पाठवलंस, तर तिचं स्वतःचं डोकं किती आणि तुझं किती, हे तिला जन्मात कळायचं नाही. म्हणून सांगतो. ते ठोकळे उचल आणि फेकून दे. फोटो फाड. तिला जसं येतंय तसं करू दे.

वहिनीला नमस्कार. तुला वर घातला तेवढा पुरे.

धाकटा


ता. २१, शुक्रवार

दादास,

हे कुरिअरने पाठवतोय, सोमवारच्या आत पोचेल. नमस्कार या वेळी राहू दे.

माझं पत्र तुला वेळेवर मिळालं होतं. वहिनीने सांगितलं, तू उभ्याउभ्या वाचलंस, घडी करून खिशात घातलंस आणि भिंगरीला हाक मारलीस, "चल, ठोकळे घे."

चाचणीत काय झालं तेही कळलं. तू आत नव्हतास, वहिनी होती. चाचणीवाल्या बाईंनी चित्रांचा वेगळाच संच काढला. नवा असेल, दुसरा असेल, मला त्यातलं काही कळत नाही. पण भिंगरीने कार्डाकडे बघितलंच नाही. बाईंनी पहिलं कार्ड ठेवलं, हिने तुझं पहिलं चित्र लावलं. दुसरं ठेवलं, तुझं दुसरं. घडाघडा म्हणून दाखवावं तसे तिने ठोकळे लावले, आणि प्रत्येक झालं की हात मांडीवर ठेवून हसली. बाई दोनदा म्हणाल्या, "बाळा, इकडे बघ, या चित्रासारखं करायचंय." ती म्हणाली, "हो, माहितीये," आणि तुझं पुढचं लावलं.

वहिनीला बाहेर बोलावून बाई काय म्हणाल्या? "समोर बघून तसं करायचं असतं, हेच तिच्या ध्यानात येत नाहीये." आता त्या तसंच लिहिणार. सोमवारी तुम्हाला दोघांना बोलावलंय निकाल सांगायला.

मला आनंद झाला असेल असं तुला वाटतंय. झाला. खोटं कशाला बोलू? वहिनी सांगत होती तेव्हा मी गोदामात आरशांच्या खोक्यांवर बसलो होतो, आणि पहिल्यांदा मला बरं वाटलं. म्हटलं, बरी जिरली जादा साहेबांची. मग वहिनी म्हणाली, "घरी येताना रिक्षात विचारत होती, मी सगळे बरोबर केले ना?" आणि मला उठून उभं राहावं लागलं.

म्हणून हे ऐक. सोमवारी तू त्या खुर्चीत बसशील. बाई म्हणतील, हिचं डोकं जरा पुढे निघालं असतं, तर आम्हाला अमुक करता आलं असतं. हे वाक्य येणार. मला माहीत आहे, कारण ते मी ऐकलंय. माझ्या निकालाच्या दिवशी मी दाराबाहेर बाकावर होतो आणि दार नीट लागलं नव्हतं. सर्दीवाल्या बाई आईला सांगत होत्या, "वाचनाची अडचण वेगळी असते हो. डोकं ठीक निघालं असतं तर आम्ही त्याला वेळ दिला असता, लेखनिक दिला असता, याच शाळेत राहिला असता तो. पण आकडा खूपच खाली आलाय."

आईने तुझ्याकडे बघितलं. तिला वाटलं, तू शिकलेला आहेस, काहीतरी विचारशील.

मी फटीतून तुझा चेहरा बघितला, दादा. तुला तिथल्या तिथे कळलं होतं. तू उलटं सांगितलं होतंस आणि मी ते नीट पाळलं होतं. तुला फक्त एवढंच म्हणायचं होतं, "बाई, मीच त्याला चुकवायला सांगितलं." तू पेनाचं टोपण काढलंस, लावलंस, आणि विचारलंस, "सही कुठे करायची?"

कमी दाखव म्हणालास, त्याचा मला राग नाही. तू तेव्हा पोरगाच होतास, चुकलास. राग आहे तो सहीचा.

वेगळ्या शाळेचं मी कधी बोललो नाही, आजही फार बोलणार नाही. तिथली मुलं चांगली होती. मी चुकलो तर कुणी हसलं नाही, असं ते जगातलं एकच ठिकाण. माझ्या शेजारी बोका म्हणून एक मुलगा बसायचा. त्याला बोलता येत नव्हतं, पण मी लावलेला कागदी पाकिटांचा गठ्ठा तो रोज सरळ करून द्यायचा. त्यांच्यात बसवलं याचं दुःख नाही. पण त्यांना जे शिकवायचे ते मला लागत नव्हतं, आणि मला जे लागत होतं ते शिकवणारं तिथे कुणी नव्हतं. पंधराव्या वर्षी पळालो. तुम्ही म्हणालात, पोरगं टिकत नाही कुठे. बरोबर आहे. कुठे टिकायचं हे कुणी दाखवलंच नाही, तर काय टिकणार.

आणि आता एक गोष्ट. बोलायची नव्हती, पण फोन चालू आहे आणि वेल्डर बाहेर गेलाय.

पुढे पुढे मी चित्रं मुद्दाम चुकवली, हे मी सगळ्यांना सांगत आलोय. स्वतःलाही. सुरुवातीची मुद्दाम, हे नक्की. आधी डोक्यात बरोबर लागायचं, मग मी एक ठोकळा फिरवायचो. पण कार्डं अवघड होत गेली, आणि कुठेतरी मध्ये डोक्यात लागायचं थांबलं. की मी लावायचंच सोडलं होतं? मला सांगता येत नाही. कमी दाखवता दाखवता मला कुठे खरंच येत नव्हतं, ती जागा मला सापडत नाही. इतकी वर्षं शोधतोय. कुणी एखादी गोष्ट समजावून सांगायला लागलं की मला आधी चाचणीची तीच खोली दिसते, आणि मी नोकरी सोडतो.

इथे खोकी उचलायची फोर्कलिफ्ट चालवायला माणसं घेतायत. चालवतो मी, जेवणाच्या सुट्टीत. मुकादम म्हणतो, हात चांगला आहे. पण परवान्याला लेखी परीक्षा असते. तोंडी देता येते, पण त्यासाठी वाचनाच्या अडचणीचा दाखला लागतो. दाखला लागतो म्हणजे चाचणी लागते. ती जिथे घेतात त्या दवाखान्याच्या जिन्यापर्यंत मी जाऊन आलोय. जिन्यापर्यंतच.

म्हणून म्हणतो, भिंगरीला या जिन्यात उभी करू नकोस. सोमवारी तोंड उघड. तू नाही उघडलंस, तर मी बाईंना फोन करीन. नंबर वहिनीने दिलाय. तुझं, माझं, सगळं सांगीन. मग तुझी नोकरी जाते का राहते, ते तू आणि तुझी खिडकी बघून घ्या.

धाकटा


ता. ६, रविवार

दादास,

तुझा फोन येत होता. माझ्या हातातच होता, वाजताना बघत होतो. उचलला नाही. नंबर बंद करणं मला येत नाही, पण न उचलणं जमतं.

वहिनीने सोमवारचं सगळं सांगितलं. बाईंनी ते वाक्य म्हटलं. तू खुर्चीत बसला होतास, उठून उभा राहिलास आणि म्हणालास, "मॅडम, मी तिच्याकडून सगळी चित्रं पाठ करून घेतली होती. तिने तीच लावली. चूक तिची नाही." वहिनी म्हणाली, एवढं बोलून तू तसाच उभा राहिलास. बाई रागावल्या, मग तुला पाणी दिलं. हा निकाल बाजूला ठेवते म्हणाल्या, मध्ये वेळ जाऊ देऊ, मग दुसऱ्या पद्धतीने पुन्हा बघू. तोवर वर्गात तिला प्रश्न वाचून दाखवावेत असं शाळेला पत्रही दिलं. भिंगरीने मला आवाज पाठवला, "काका, ठोकळे बाबांनी कचऱ्यात टाकले. एक मी लपवून ठेवलाय."

ती आहे त्याच शाळेत राहील. छान झालं. तिच्यासाठी मला किती बरं वाटलं ते तुला सांगून उपयोग नाही.

पण त्या दिवशी मी गोदामातून खोलीवर चालत आलो आणि वाटेत तुझं बोलणं बोटांवर मोजत राहिलो. तीन वाक्यं, दादा. उभं राहून तीन वाक्यं. बाईंनी पोलीस बोलावले नाहीत. नोकरी गेली नाही. पाणी दिलं. इतकं ते सोपं होतं? मी आजवर समजत होतो, ते तुझ्या हातून होण्यासारखंच नव्हतं. तू भित्रा आहेस, कारकून आहेस, तुझा तेवढाच वकूब, असं मी स्वतःला समजावलं होतं. त्याच्यावर माझं बरं चाललं होतं. आता कळलं, तुला येत होतं. मुलीसाठी तू उठलास. माझ्यासाठी सही कुठे करायची ते विचारलंस.

त्यामुळे सोमवारनंतर तू मला आधीपेक्षा जास्त नकोसा झाला आहेस. वहिनीला वाटतंय, आता दोघं भाऊ बोलायला लागतील. तिला सांग, तसं होत नसतं.

आणखी एक. मी चाचणी दिली.

जिना चढलो. वेल्डर बरोबर आला होता, खाली उभा राहिला. म्हणाला, "परत उतरलास तर पाय तोडीन." चाचणी घेणारा माझ्याच वयाचा होता, शर्टाच्या बाहीवर शाईचा डाग. ठोकळे आता प्लास्टिकचे असतात. मी त्याला विचारलं, "चुकलं तर?" तो म्हणाला, "चुकलं तर पुढचं." दाराला काच नव्हती. बाहेर कुणाचाही खांदा नव्हता. येत होतं ते सगळं मी केलं, आणि येत नाही तिथे येत नाही म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा.

मधल्या त्या जागेशी मी पोचलो तेव्हा काय झालं, ते या पत्रात येणार नाही.

निकाल आला आहे. त्याने समोर बसवून नीट समजावून सांगितला, एकेक ओळ वाचून. दाखला मिळाला की नाही, परवाना मिळेल की नाही, मी तेव्हा मुद्दाम चुकवत होतो की खरंच तसाच होतो, सगळं आता मला माहीत आहे. भिंगरी मोठी झाल्यावर विचारेल, तर तिला सांगीन. वहिनीला सांगितलेलं नाही, म्हणजे तुझं काम तिच्याकडून होणार नाही. तू कितीही फोन कर, पत्रं पाठव, इकडे येऊन दारात उभा राहा, तुला सांगणार नाही. तुझ्या त्या सहीने बरोबर आकड्यावर शिक्का मारला की चुकीच्या, हे तू आता विचार करत बस. ऑफिसात बस, जेवताना बस, आईशेजारी बस. मी बसलो तसा.

आईच्या गुडघ्याला तेल लावायला विसरू नकोस.

नाइलाजाने तुझाच,
धाकटा